उठण्याचं बळ

(स्मृतिव्याख्यानमालेत ज्येष्ठांच्या आरोग्याविषयी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी शाळेतला व्यायामाचा तास कधी बुडू दिला नाही, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. परीक्षा जवळ आली की गणिताचे, इंग्रजीचे शिक्षक तो तास मागायला यायचे आणि रिकाम्या हाताने परत जायचे. आज मी तोच तास मागायला उभी आहे, मात्र आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसांसाठी. मी ज्येष्ठांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बोलणं गरजेचंही आहे. पण सगळे आकडे ठीक असताना केवळ पायातलं बळ गेलं म्हणून परावलंबी झालेली माणसं मी रोज पाहते. हे बळ पुष्कळ अंशी टिकवता येतं, गेलेलं परत मिळवता येतं आणि त्यासाठी वयाची अट नाही. एवढी एकच गोष्ट मला आज तुमच्या मनावर ठसवायची आहे.

मिळालेली वर्षं

आपल्या महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातली मोठी माणसं किती अल्पायुषी होती, ते आठवून पाहा. आगरकर वयाच्या ३९व्या वर्षी गेले, गोखले ४९व्या, न्यायमूर्ती रानडे ५९व्या. लोकमान्यांनी चौसष्टी नुकतीच पूर्ण केली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. या सरासरीत बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण साठीपुढचं आयुष्य ही मोजक्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट होती, हेही तितकंच खरं. आज सरासरी आयुर्मान सत्तरीला पोहोचलं आहे. साठी गाठलेल्या माणसासमोर सरासरीने आणखी अठरा वर्षं असतात. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे दहा कोटींहून अधिक लोक होते. महाराष्ट्रात तेव्हाच दर दहा माणसांतला एक जण साठी ओलांडलेला होता. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे.

अठरा वर्षं म्हणजे पहिलीतलं मूल पदवीधर होऊन नोकरीला लागेपर्यंतचा काळ. एवढा काळ आपण कसा घालवणार, याचा विचार मात्र आपण करत नाही. निवृत्तीच्या पैशांचा हिशेब करतो, घर कोणाच्या नावावर करायचं ते ठरवतो, पण शरीराचा हिशेब डॉक्टरवर सोडून मोकळे होतो.

ज्येष्ठ मंडळींना काय हवं असतं? मी विचारते तेव्हा बहुतेकांचं उत्तर एकच असतं. शंभर वर्षं जगायचं आहे असं क्वचितच कोणी म्हणतं. म्हणतात, "डॉक्टर, हातपाय चालते असेपर्यंतच जगावं. कोणाला आपलं करावं लागू नये." चालता-बोलता जावं, अंथरुणाला खिळू नये, ही आपल्याकडची सर्वसामान्य प्रार्थना आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वार्धक्यावर एक मोठा अहवाल काढला. निरोगी वार्धक्याची त्यातली व्याख्या या प्रार्थनेच्या फार जवळ जाते. आजार आहे की नाही, यापेक्षा माणसाला जे करणं मोलाचं वाटतं ते त्याला करता येतं की नाही, याला त्या व्याख्येत महत्त्व आहे. मधुमेह आहे, पण बाजारात जाऊन स्वतः भाजी निवडून आणता येते, नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडता येतं, देवळाच्या पायऱ्या चढता येतात, तर त्या माणसाचं वार्धक्य पुष्कळसं निरोगी आहे.

आता या सगळ्या कामांच्या मुळाशी काय आहे ते पाहा. उठणं, उभं राहणं, तोल सांभाळणं, पायरी चढणं. माणूस स्वतःच्या बळावर संडासातून उठू शकत नाही, त्या दिवशी त्याचं स्वातंत्र्य संपतं. वृद्धाश्रमात जाण्याचा निर्णयही अनेक घरांत नेमका याच टप्प्यावर होतो.

विश्रांतीचा घात

तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात. साठीनंतर हा वेग वाढतो आणि स्नायूंच्या आकारापेक्षाही त्यांचा जोर अधिक झपाट्याने ओसरतो. हे अगदी मुकाट्याने घडतं. दुखत नाही, ताप येत नाही, रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. कधीतरी लक्षात येतं, की खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात, रस्ता ओलांडताना सिग्नल पुरत नाही, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. आपण म्हणतो, "वय झालं." वय झालं हे खरंच असतं, पण वयाच्या नावावर आपण जे खपवतो त्यातला मोठा भाग न वापरण्याचा असतो.

न वापरल्याने किती नुकसान होतं, याचा एक प्रयोग २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. सरासरी सदुसष्ट वर्षांच्या निरोगी स्त्री-पुरुषांना दहा दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितलं. खाणंपिणं व्यवस्थित होतं, आजार कोणताच नव्हता. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. आता आपल्या घरातलं चित्र डोळ्यांपुढे आणा. आजोबांना न्यूमोनिया होतो, आठवडाभर इस्पितळ, घरी आल्यावर महिनाभर "पडून राहा, उठू नका". आजार बरा होतो आणि आजोबा मात्र परत पहिल्यासारखे चालत नाहीत. आपण आजाराला बोल लावतो. त्यातला बराचसा घात आपण प्रेमाने लादलेल्या विश्रांतीने केलेला असतो.

पुढचा टप्पा पडण्याचा. जगभरात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया, अंथरूण आणि मग फुप्फुसांचा जंतुसंसर्ग, पाठीला होणाऱ्या जखमा असं एकामागून एक सुरू होतं. ज्यांचं हाड मोडत नाही, त्यांच्या मनात भीती बसते. पडण्याच्या भीतीने माणूस कमी चालतो, कमी चालल्याने पाय आणखी दुबळे होतात आणि दुबळ्या पायांचा माणूस पुन्हा पडतो. हा फेरा कुठे तोडायचा, तर तो पायांच्या बळाशीच तोडता येतो.

नव्वदीतली बैठक

बळ परत मिळतं असं मी म्हणाले. त्याचा पुरावा बॉस्टनमधल्या वृद्धांसाठीच्या एका निवासी रुग्णालयातून आला. मारिया फियातारोने या डॉक्टर बाईंनी तिथल्या दहा जणांना पायांच्या वजनांचा व्यायाम दिला. वयाची सरासरी नव्वद. सगळे अशक्त, अनेक आजार असलेले. आठवड्यातून तीन दिवस, असा आठ आठवडे हा व्यायाम चालला. वजन अगदी नाजूक नव्हतं. प्रत्येकाच्या कुवतीच्या वरच्या पातळीचं होतं आणि ते हळूहळू वाढवत नेलं होतं. १९९०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मांडीच्या स्नायूंचा जोर सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढला होता. दोघांनी चालताना काठी घेणं सोडलं. हात न टेकता खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण उठू लागला.

याच बाईंनी पुढे शंभर जणांवर अधिक काटेकोर अभ्यास केला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय सत्त्याऐंशी. काहींना व्यायाम, काहींना फक्त शक्तिवर्धक पेय, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांचा जोर दुपटीहून अधिक झाला, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची ताकद वाढली. नुसतं पेय घेणाऱ्यांना काहीच फायदा झाला नाही. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शक्तिवर्धक पावडरीचा डबा नेण्याची पद्धत आहे. तो न्यायचा तर न्या, पण स्नायूंना काम दिल्याशिवाय त्या डब्याचं बळ होत नाही.

इथे मला चालण्याविषयी थोडं कठोर बोलावं लागेल. सकाळी फिरायला जाणाऱ्यांची संख्या आपल्या शहरांत मोठी आहे आणि तिचा मला आनंद आहे. चालण्याने हृदयाला फायदा होतो, साखर आटोक्यात राहते, मन उल्हसित होतं. पण पडणं टाळायला नुसतं चालणं पुरत नाही. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरच्या १०८ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यांत तेवीस हजारांहून अधिक ज्येष्ठ सामील होते. व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं असं त्यात दिसलं. तोल सांभाळण्याचे आणि उठण्या-बसण्याचे व्यायाम होते तिथे फायदा स्पष्ट होता. त्यांना वजनांची जोड मिळाली तिथे घट ३४ टक्क्यांपर्यंत गेली. केवळ चालण्याने पडणं कमी होतं, असं खात्रीने म्हणावं इतका पुरावा त्यात मिळाला नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा २०२०चा सल्ला तीन कलमी आहे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम आणि पासष्टीपुढच्यांसाठी तीन दिवस तोल आणि जोर यांवर भर देणाऱ्या हालचाली. यातलं पहिलं कलम आपण ऐकलेलं असतं. उरलेली दोन आपल्या कानांपर्यंत पोहोचतच नाहीत.

खरं तर या मातीला ती नवी नाहीत. जोर-बैठका काढणारी तालीम गावोगावी होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार संस्थानातल्या शाळांपासून परदेशी वाचकांपर्यंत केला. औंधमध्ये त्यांच्या सहवासात राहिलेले पंडित सातवळेकर स्वतः नमस्कार घालत आणि दुसऱ्यांना शिकवत. ते वयाची शंभरी ओलांडून १९६८ साली गेले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, खुर्च्या, लाकडी ठोकळे यांच्या आधाराने आसनं शिकवण्याची पद्धत घडवली. त्यामुळे ताठरलेल्या, दुखऱ्या शरीरालाही योग करता येऊ लागला. आपली चूक एवढीच झाली, की तालीम तरुणांची आणि म्हाताऱ्यांसाठी पारावरचं बसणं, अशी वाटणी आपण मनात करून टाकली.

घरी काय करायचं ते सांगते. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली पक्की खुर्ची घ्या. हात छातीवर घडी करून उठा आणि सावकाश बसा. धपकन बसू नका, कारण सावकाश खाली येण्यातच निम्मा व्यायाम आहे. ही खुर्चीवरची बैठक दहादा, दिवसातून दोन-तीन वेळा. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचला. तसंच ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहा. पुढे एका बोटाचा आधार घ्या आणि सवय झाल्यावर तोही कमी करा. एका पावलापुढे दुसरं पाऊल लावत भिंतीच्या कडेने चाला. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन खांद्यापर्यंत उचला. महिन्याभरात हे सोपं वाटू लागलं की थोडं अवघड करा, कारण सोप्या व्यायामाने बळ वाढत नाही. छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येणं, नुकती झालेली शस्त्रक्रिया असं काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. पण त्यांना "करू का?" असं विचारण्यापेक्षा "काय आणि किती करू?" असं विचारा.

स्वतःची परीक्षाही घ्या. खुर्चीतून हात न लावता पाच वेळा उठायला आणि बसायला किती सेकंद लागतात? बारा किंवा त्याहून अधिक लागत असतील, तर पायांचं बळ उणावलं आहे असं आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषांत म्हटलं आहे. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या २००२ जणांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं होतं. प्रत्येक टेकलेला हात, गुडघा यांचे गुण कापले. सर्वांत कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण चांगले गुण मिळालेल्यांच्या पाचपट होतं. जमिनीवरून उठल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. शरीरातली शिल्लक किती आहे, हे त्या एका हालचालीत दिसतं एवढंच. पाटावर जेवणारी, जमिनीवर बसून भाजी निवडणारी आपली पिढी ही हालचाल दिवसातून वीसदा करत असे. डायनिंग टेबल, सोफा, पलंग आल्यावर ती घरातून गेली. गुडघे साथ देत असतील त्यांनी ती जपावी, दिवसातून एकदा तरी जमिनीवर बसावं आणि उठताना जवळ कोणी असू द्यावं.

ताटात काय पडतं

व्यायामाने स्नायूला काम मिळतं, पण तो बांधायला प्रथिनं लागतात. वाढत्या वयात शरीर प्रथिनांचा उपयोग पूर्वीइतक्या सहज करत नाही. म्हणून तज्ज्ञांचा सल्ला असा, की ज्येष्ठांनी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत. साठ किलोच्या माणसाला साठ ते बहात्तर ग्रॅम. आता आपल्या घरातल्या आजीचं ताट पाहा. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी, मूठभर भात, चार वाजता चहा-खारी, रात्री "मला भूक नाही गं" म्हणून वाटीभर दूध-पोळी किंवा मऊ भात. माझा हिशेब तीस-पस्तीस ग्रॅमपलीकडे क्वचितच जातो. कवळी नीट बसत नसेल तर डाळीचा दाणाही चावला जात नाही. दातांचा दवाखाना हा स्नायूंच्या आरोग्याचा भाग आहे तो असा.

त्यात उपास. एकादशी, चतुर्थी, सोमवार, शिवाय श्रावण आणि नवरात्र. श्रद्धेविषयी मला आदर आहे. फक्त एवढं लक्षात घ्या, की साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत दाण्याचा कूट सढळ घाला, सोबत वाटीभर दही किंवा पेलाभर दूध घ्या. एका अंड्यातून सहा ग्रॅम, पेलाभर दुधातून सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ, तीस ग्रॅम डाळीतून सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. घट्ट वरण, मोड आलेल्या मटकीची मऊ शिजवलेली उसळ, पिठलं, थालीपीठ, पनीर, कोकणात मासळी, यांपैकी काहीतरी तिन्ही जेवणांत यावं. एकाच वेळी पोटभर खाऊन भरपाई होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. शाकाहारी मंडळींनी, विशेषतः मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी, बी-१२ तपासून घ्यावं. ते फार कमी झालं तर पायांना मुंग्या येतात आणि तोल जाऊ लागतो.

आजीच्या ताटाविषयी आणखी एक बोलायला हवं. बाई सर्वांना वाढून उरलेलं खाते, ही सवय तिने साठ वर्षं पाळलेली असते. रजोनिवृत्तीनंतर तिची हाडं पुरुषापेक्षा लवकर ठिसूळ होतात. पडली तर हाड मोडण्याचा धोका तिला अधिक. ज्या ताटात प्रथिनं सर्वांत आधी पडायला हवीत, ते ताट आपण सर्वांत शेवटी वाढतो. हे आजपासून बदलता येण्यासारखं आहे आणि त्याला पैसेही लागत नाहीत.

घर, गोळ्या, कान

बळ वाढायला दोन-तीन महिने लागतील. तोवर पडण्याची कारणं घरातून काढून टाका. मोरीतली ओली फरशी, सरकणारं पायपुसणं, उंबऱ्याजवळचा अंधार, झिजलेली स्लीपर. कमोडशेजारी आणि न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा हा कोणत्याही टॉनिकपेक्षा मोलाचा. रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा, पाय हलवा आणि मग उभे राहा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब वीसने उतरला तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना रक्तदाब उभ्यानेही मोजायला सांगा. झोपेच्या गोळ्या, काही मनोविकारांची औषधं, रक्तदाबाची वाढत गेलेली मात्रा, यांनी पडण्याचा धोका वाढतो. सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि "यातली कोणती कमी करता येईल?" असं विचारा. आपल्या मनाने मात्र कोणतीही बंद करू नका.

कानांविषयी थोडंसं. चष्मा लावताना आपल्याला कमीपणा वाटत नाही, कानाचं यंत्र लावताना वाटतो. ऐकू येईनासं झालेला माणूस आधी गप्पांतून बाजूला होतो, मग समारंभांतून आणि शेवटी घरातल्या बोलण्यातूनही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला कारणीभूत होणारे, पण बदलता येण्याजोगे चौदा धोके सांगितले. कमी ऐकू येणं, शरीराची हालचाल नसणं, एकटेपणा हे तिन्ही त्यांत आहेत. सगळे धोके दूर झाले तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे.

"तुम्ही आता बसा"

आता मुलासुनांना उद्देशून बोलते. आईवडिलांवरच्या प्रेमापोटी आपण त्यांच्या हातातली कामं एकेक करून काढून घेतो. "बाबा, दूध मी आणतो." "आई, पिठाचा डबा तू उचलू नकोस." "तुम्ही आता बसा, खूप केलंत." या वाक्यांमागची माया खरी आहे. परिणाम मात्र असा होतो, की दोन-तीन वर्षांत त्या माणसाच्या शरीराला दिवसभरात एकही अवघड काम उरत नाही आणि मनाला सकाळी उठण्याचं कारण उरत नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं ते १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. समता संघ काढला तो १९४४मध्ये, पंच्याऐंशी उलटल्यावर. सगळे कर्वे होणार नाहीत. पण अण्णांना त्या वयात कोणी "आता बसा" म्हणून बसवून ठेवलं असतं, तर महाराष्ट्राचं केवढं नुकसान झालं असतं! घरातल्या ज्येष्ठांकडे त्यांच्या कुवतीचं एक तरी काम असं ठेवा, जे त्यांनी केलं नाही तर अडेल.

हे सगळं सांगताना एका मोठ्या वर्गाचं भान मला सोडता येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या, डोक्यावरून विटा वाहिलेल्या, चार घरची धुणीभांडी केलेल्या बाईला मी बैठका काढायला सांगणार नाही. तिने आयुष्यभर काढल्या आहेत. तिचे गुडघे आणि कंबर कामात झिजले आहेत, पोटात प्रथिनं कधी पुरेशी गेली नाहीत, आणि पासष्टीनंतरही ती कामावर जाते, कारण श्रावणबाळ योजनेच्या महिना दीड हजार रुपयांत घर चालत नाही. तिच्या आरोग्याचं पहिलं औषध म्हणजे जगता येईल एवढं निवृत्तीवेतन आणि दुखणाऱ्या सांध्यांवर गावाजवळ मिळणारे उपचार. विश्रांती हा तिचा हक्क आहे. ज्यांना ती गरजेपेक्षा जास्त मिळते त्यांनी बळ कमवावं आणि जिला कधीच मिळाली नाही तिला ती मिळावी यासाठी आपण सर्वांनी भांडावं. ही दोन्ही कामं मला एकाच आरोग्याच्या बाजूची वाटतात.

सरकार आणि संघ

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २०२२च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्टीपासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. वयोश्री योजनेतून पासष्टीपुढच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची यांसाठी तीन हजार रुपये एकदा मिळतात. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांना सल्ला आणि मदत मिळते. २०२४च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान भारत योजनेत सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण मिळालं आहे. पण ते संरक्षण इस्पितळात दाखल झाल्यावरचं आहे. खुबा मोडला की सरकार खर्च करतं, तो मोडू नये म्हणून घ्यायच्या व्यायामाच्या वर्गाला त्यातून पैसे मिळत नाहीत. २०१०-११मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक केंद्रावर आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांसाठी दवाखाना आणि वरच्या केंद्रांवर फिजिओथेरपीची सोय, अशी तरतूद आहे. आपल्या तालुक्यात ती कागदावर आहे की प्रत्यक्षात, हे विचारायला कोणी जातं का? देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने ज्येष्ठांचं जे मोठं सर्वेक्षण केलं, त्यात पंचेचाळिशीपुढच्या बहात्तर हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली आणि मुठीचा जोर आणि चालण्याचा वेगही मोजला. आपल्या आरोग्य शिबिरांत मात्र आजही साखर आणि रक्तदाब पाहून माणसाला घरी पाठवतात.

म्हणून माझी मागणी सरकारइतकीच ज्येष्ठ नागरिक संघांकडे आणि विरंगुळा केंद्रांकडे आहे. जागा तुमच्याकडे आहे, खुर्च्या आहेत, माणसं रोज जमतात. एकट्याने घरी केलेला व्यायाम आठवड्याभरात सुटतो. दहा जणांत केलेला टिकतो, कारण एक दिवस नाही गेलो तर चौकशी होते. तीच चौकशी एकटेपणावरही उपाय ठरते. वाढदिवस, सहली, भजन, व्याख्यानं हे सगळं चालू द्या. त्यात आठवड्यातून तीन दिवस अर्ध्या तासाचा बळाचा वर्ग घाला. गावातल्या फिजिओथेरपिस्टना सुरुवातीचे काही वर्ग घ्यायला बोलवा आणि सभासदांपैकी दोघांना तयार करा. त्यांतली एक बाई असावी, म्हणजे साडी नेसून येणाऱ्या आजींना संकोच वाटणार नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या पाच बैठकांचे सेकंद वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. जे वर्गाला येऊ शकत नाहीत, आजारातून उठलेले आहेत, त्यांच्या घरी दोघांनी आठवड्यातून एकदा जावं आणि त्यांना धरून उभं करावं.

व्यायाम थांबवला की मिळवलेलं बळ काही आठवड्यांतच ओसरू लागतं, हेही बॉस्टनच्या त्या पहिल्या अभ्यासात दिसलं होतं. तेव्हा हा वर्ग उत्साहाचा एक महिना चालून बंद पडला तर उपयोग नाही. तो वर्षभर, पावसाळ्यातही, चालला पाहिजे. पुढच्या वर्षी याच मालेच्या पहिल्या दिवशी, वक्त्याची ओळख करून देण्याआधी, आयोजकांनी ती वही व्यासपीठावर आणावी आणि किती जण हात न टेकता उठू लागले ते श्रोत्यांना वाचून दाखवावं, एवढी विनंती करते.